काळा शेल आणि तापलेला समुद्र : टोआर्शियन विलोपनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर व्हिटबी गावाच्या दोन्ही बाजूंना ज्युरासिक काळाचे थर कड्यांत उघडे पडले आहेत. खालून वर जात राहिलं तर आधी क्लीव्हलंडचे लोहखनिजाचे थर लागतात, मग राखाडी शेल (चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक) आणि मग एकाएकी काळाभोर, वहीच्या पानांसारखा सुटणारा ‘जेट रॉक’. त्याच्या वरच्या शेलमधून सतराव्या शतकापासून १८७१ पर्यंत तुरटी काढली जात होती. खालच्या काळ्या थरातलं चकाकणारं जेट म्हणजे समुद्रात वाहून आलेल्या अरॉकेरिया कुळातल्या झाडांचं जीवाश्म झालेलं लाकूड. व्हिक्टोरियन काळात सुतकातले दागिने त्याचे करत. पुढे या प्रकरणाचा निकाल लागण्यात याच लाकडाचा मोठा हात होता.

या थरांचं वय सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षं. भूशास्त्रात या काळाला टोआर्शियन म्हणतात. राखाडी शेल संपून काळा शेल सुरू होतो त्याच्या आसपास समुद्रतळावरची जीवसृष्टी जवळजवळ पुसली जाते. हेच टोआर्शियन विलोपन. खाली शिंपले, गोगलगायी, ब्रॅकिओपॉड (शिंपल्यांसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले समुद्री प्राणी) आणि गाळात बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या खुणा आहेत. वर बिळं नाहीत, गाळाचे बारीक पापुद्रे जसेच्या तसे टिकलेले, आणि शिंपल्यांच्या दोन-तीन जाती थवेच्या थवे. त्यांत बोसिट्रा आणि स्यूडोमिटिलॉइडीस ही नावं पुन्हा पुन्हा येतात. लवकर वाढणारी, लवकर अंडी सोडणारी, वाईट दिवसांत तग धरणारी ही मंडळी. समुद्रतळावर बाकी कोणी नसलं की यांची चलती होते.

हा पाच महाविलोपनांपैकी एक प्रसंग नव्हे, दुसऱ्या फळीतला आहे. तरी नुकसान कायमचं झालं. पुराजीव महाकल्पापासून टिकून असलेले स्पिरिफेरिनिड आणि अथायरिडिड हे ब्रॅकिओपॉडचे दोन्ही गण इथे संपले. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात लिथिओटिस नावाचे मोठे, उभे वाढणारे शिंपले रीफसारख्या रचना करत. त्यांचाही शेवट इथेच झाला.

त्या वेळचा भूगोल ध्यानात ठेवायला हवा. सगळे खंड एकत्र असलेला महाखंड पॅन्जिया नुकताच फाटू लागला होता. वायव्य युरोप म्हणजे बेटं आणि त्यांच्यामधले उथळ, अर्धवट बंदिस्त समुद्र. समुद्राची पातळी चढत होती आणि किनारे आत सरकत होते. त्याच सुमारास दक्षिणेत, आज दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि अंटार्क्टिका जिथे आहेत तिथे, कारू-फेरार हा प्रचंड ज्वालामुखी प्रदेश जागा झाला. भारत तेव्हा याच दक्षिणेकडच्या भूभागाला, गोंडवनाला, चिकटलेला होता.

पेच

१९८८ मध्ये ह्यू जेन्किन्स यांनी युरोपभरच्या या काळ्या थरांची सांगड घालून ‘टोआर्शियन महासागरी ऑक्सिजन-तूट घटना’ अशी मांडणी केली. त्यानंतरच्या वादात अनेक गट होते. इथे त्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण या प्रकरणात महत्त्वाचं आहे ते कोणत्या पुराव्यावर कोणता निर्णय झाला ते.

कड्यात तीन गोष्टी जवळजवळ एकाच पातळीवर दिसतात : काळा शेल, प्राण्यांचं नाहीसं होणं आणि सेंद्रिय कार्बनच्या समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड प्रकारांत) मोठी घसरण. सेंद्रिय पदार्थातलं कार्बन-१३ या जड प्रकाराचं प्रमाण इथे दर हजारी ५ ते ७ एककांनी खाली येतं. एवढी घसरण म्हणजे हलक्या कार्बनचा अवाढव्य साठा कुठून तरी वातावरणात आणि समुद्रात आला. मात्र ही घसरण जगभरची असली पाहिजे. एका खोऱ्यापुरती असेल तर तिचा अर्थ अगदीच किरकोळ ठरतो.

म्हणजे प्रश्न दोन होते. ही घटना खरंच पृथ्वीभर घडली का? आणि घडली असेल तर प्राणी कशाने गेले : प्राणवायू संपल्याने, पाणी तापल्याने, की समुद्र चढल्याने?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ऑक्सिजनच्या तुटवड्याचा. काळा शेल समोर असताना तो आपोआप सुचतो. गाळात १० टक्क्यांच्या पुढे सेंद्रिय कार्बन, बिळांचा पत्ता नाही, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) भरपूर. तळाशी प्राणवायू नव्हता, म्हणून तळाचे प्राणी मेले. युक्तिवाद सरळ आहे आणि यॉर्कशायर किंवा जर्मनीतल्या होल्झमाडेनपुरता तो बरोबरही आहे. होल्झमाडेनला इक्थिओसॉरचे (माशासारख्या आकाराच्या सागरी सरीसृपांचे) सांगाडे कातडीच्या ठशांसह टिकले ते याचमुळे. तळाशी त्यांना कुरतडणारं कोणी नव्हतं.

दुसरा पर्याय उष्णतेचा. समुद्र तापला, थंड पाण्याला सरावलेल्या जातींना पळायला जागा उरली नाही. तिसरा समुद्रपातळीचा, आणि त्याची दोन अंगं आहेत. एक खरं : उथळ तळ खोल झाला, अधिवास बदलला, पाण्याचे थर एकमेकांत मिसळेनासे झाले. दुसरं फसवं. समुद्र चढला की नद्यांचा गाळ आत, नव्या किनाऱ्याजवळच अडकतो आणि बाहेरच्या तळावर फार थोडा साचतो. हजारो वर्षांची नोंद काही सेंटिमीटरांत दाबली जाते. दहा जाती दहा वेगवेगळ्या काळांत नाहीशा झाल्या असतील तरी सगळ्यांचे ‘शेवटचे’ जीवाश्म एकाच पातळीवर सापडतात, आणि कड्यात एकच भयंकर दिवस उगवल्यासारखं दिसतं.

चौथा पर्याय सगळ्यावर पाणी ओतणारा : हे सगळं स्थानिक आहे. बंदिस्त खोऱ्यात तळाशी कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा हलका कार्बन वरच्या पाण्यात परत मिसळला, तिथल्या शैवालांनी तोच वापरला, म्हणून घसरण दिसते. वातावरणाचा संबंध नाही. १९८२ मध्येच जर्मन शेलसाठी असं प्रारूप मांडलं गेलं होतं आणि ते आजही हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

कार्बन आला कुठून हाही उपप्रश्न होताच. समुद्रतळाच्या गाळात गोठलेल्या मिथेन हायड्रेटमधून (मिथेन वायू अडकलेल्या बर्फातून), की कारूच्या शिलारसाने भाजलेल्या कोळशातून? पुढच्या सगळ्या गणितावर याचा परिणाम होतो. मिथेन हायड्रेटमधला कार्बन फारच हलका असतो, त्यामुळे थोड्या कार्बनने मोठी घसरण होते. कोळसा किंवा ज्वालामुखीचा वायू म्हणाल तर तीच घसरण साधायला कित्येक पट जास्त कार्बन लागतो, आणि त्या प्रमाणात तापमानवाढही मोठी मानावी लागते.

काय केलं

नमुने घेण्याची पद्धत

सुरुवातीच्या अभ्यासांत नमुने दूरदूरचे होते. ज्या बदलाला काही हजार वर्षं लागली तो त्यांत दिसणं शक्यच नव्हतं. पुढे यॉर्कशायरमध्ये काही सेंटिमीटरच्या अंतराने नमुने घेतले गेले आणि घसरण एका उतारासारखी नसून पायऱ्यापायऱ्यांनी झाली असं दिसलं. पृथ्वीच्या कक्षेतल्या आवर्तनांशी या पायऱ्यांचा मेळ लावला गेला. पण समुद्र चढताना नोंद दाबली जाते, हा मुद्दा इथे आडवा येतो. थरात खंड असेल तर सावकाश उतारही पायरीसारखाच दिसतो. म्हणून प्रत्येक पायरीवर आधी गाळ पाहायचा : कण एकदम बदलतात का, शंखशिंपल्यांचा चुरा साठलाय का, झिजलेला पृष्ठभाग आहे का. हे न बघता काढलेला वेग भरवशाचा नाही. एकूण घटनेच्या कालावधीचे अंदाज सुमारे ३ लाखांपासून १० लाख वर्षांपर्यंत पसरलेले आहेत, त्याला हेही एक कारण आहे.

कड्यावर मोजमाप करताना हमखास फसगत होते ती ‘डॉगर’ नावाच्या चुनखडी गोळ्यांजवळ. कॅननबॉल डॉगर, व्हेलस्टोन, टॉप जेट डॉगर या यॉर्कशायरमधल्या ओळखीच्या खुणा, त्यामुळे मोजपट्टी तिथूनच लावायचा मोह होतो. पण हे गोळे गाळ दबण्याआधीच घट्ट झाले. आजूबाजूचा चिखल नंतर दबून पातळ झाला आणि पापुद्रे गोळ्याला वळसा घालून गेले. गोळ्याला लागून मोजलं तर जाडी जास्त भरते. पातळी ठरवायला गोळा घ्यावा, जाडी मोजायला दोन गोळ्यांच्या मधली जागा.

शेलचा उघडा पृष्ठभाग कधीही वापरू नये. हवेने पायराइट सडतं, आम्ल तयार होतं, पिवळी पूड आणि जिप्समचे स्फटिक धरतात, सेंद्रिय कार्बन कमी होतो. निदान वीतभर आत खणून ताजा तुकडा घ्यावा लागतो. प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, मग पाणी उदासीन होईपर्यंत धुवायचं. लोहखनिजाजवळच्या नमुन्यांत सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) असतं आणि ते थंड आम्लाला दाद देत नाही. ते उरलं तर त्यातला जड कार्बन ‘सेंद्रिय’ म्हणून मोजला जातो आणि घसरणीचा पाया चुकतो. तिथे आम्ल गरम करणं भाग आहे.

लाकूड की बेलेम्नाइट?

घटना जगभरची की स्थानिक, हा वाद खऱ्या अर्थाने दोन वस्तूंमधला होता.

२००० मध्ये यॉर्कशायरच्या आणि डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावरच्या जीवाश्म लाकडाचं मापन प्रसिद्ध झालं. झाड कार्बन घेतं हवेतून. त्याला खोऱ्याच्या तळाशी काय कुजतंय याच्याशी घेणंदेणं नसतं. लाकडातही तशीच घसरण दिसली. याचा अर्थ हवाच बदलली होती.

पण बेलेम्नाइट काही वेगळंच सांगत होते. आजच्या माकुलाचे हे दूरचे नातेवाईक. त्यांच्या शरीरातला बंदुकीच्या गोळीसारखा कॅल्साइटचा भाग जीवाश्म म्हणून उत्तम टिकतो. जर्मनी आणि स्पेनच्या बेलेम्नाइटमध्ये ती मोठी घसरण आढळली नाही. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या कवचात पाण्याचा बदल दिसत नसेल तर घटना जागतिक कशी? आक्षेप रास्त होता आणि त्याला लाकडाकडे बोट दाखवून उत्तर मिळणार नव्हतं.

इथला निर्णय महत्त्वाचा ठरला. एका बाजूचा पुरावा खोटा ठरवण्यापेक्षा, दोन्ही पुरावे एकाच वेळी खरे कसे असू शकतील हे तपासायचं ठरलं. त्यासाठी दोन कामं झाली. पहिलं म्हणजे काळा शेल मुळीच नसलेल्या ठिकाणी जाणं. पोर्तुगालच्या पेनिशे किनाऱ्यावर, जिथे टोआर्शियनची अधिकृत सुरुवात ठरवली आहे, थर चुनखडी आणि मार्लचे (चुना मिसळलेल्या चिकणमातीचे) आहेत आणि सेंद्रिय कार्बन कमी आहे. कुजलेला कार्बन परत मिसळण्याचं प्रारूप तिथे लागू पडत नाही. तरीही तिथल्या चुन्यात आणि लाकडात, दोन्हींत, घसरण सापडली. पुढे अर्जेंटिनाच्या नेउकेन खोऱ्यात, जपानमध्ये, कॅनडाच्या अल्बर्टात आणि चीनच्या सिचुआनमधल्या तळ्याच्या गाळातही ती मिळाली. समुद्राशी संबंध नसलेल्या तळ्यात घसरण दिसल्यावर ‘स्थानिक’ या पर्यायाचा मुख्य आधार गेला.

दुसरं काम बेलेम्नाइटच्या वागण्याचं. हा प्राणी पोहणारा होता, तळाशी बांधलेला नव्हता. शिवाय यॉर्कशायरमध्ये घसरणीच्या ऐन गाभ्यात बेलेम्नाइट जवळपास मिळतच नाहीत. म्हणजे जो साक्षीदार ‘मला काही दिसलं नाही’ म्हणतोय, तो त्या वेळी तिथे नव्हताच. घटनेपूर्वीचे बेलेम्नाइट खोल, थंड पाण्यातले आणि नंतरचे वरच्या, उबदार पाण्यातले, असंही पुढे दिसून आलं. खालचं घर प्राणवायूअभावी बंद झालं आणि ते वर आले.

तापमान मोजताना

कवचातल्या ऑक्सिजन समस्थानिकांवरून पाण्याचं तापमान काढता येतं. टोआर्शियनच्या सुरुवातीला एक वाढ आणि मुख्य घटनेत दुसरी, मोठी वाढ दिसते. युरोपातल्या नोंदींत ही मोठी वाढ ६-७ अंश सेल्सिअसच्या घरात जाते.

पण हा आकडा तसाच उचलू नये. बेलेम्नाइट खालून वर आला असेल तर त्याच्या कवचातली ‘वाढ’ काही अंशी स्थलांतराची आहे, समुद्र तापल्याची नाही. शिवाय उष्ण हवामानात पाऊस वाढला आणि बंदिस्त समुद्रात गोडं पाणी जास्त आलं, तर कवचातला ऑक्सिजन हलका होतो आणि पाणी आहे त्याहून गरम भासतं. म्हणून तळाला चिकटून राहणाऱ्या ब्रॅकिओपॉडशी पडताळणी हवी. अडचण ही की ऐन घटनेत बहुतेक ब्रॅकिओपॉड नाहीसे झाले. पेनिशेत सोआरेसिरिंकिया नावाचा एक छोटा ब्रॅकिओपॉड त्या पोकळीत फोफावला. त्या काळातलं तळाचं तापमान कळतं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

कवच निवडतानाही नीट पाहावं लागतं. बेलेम्नाइटचा बाहेरचा काठ आणि मधली अक्षरेषा दोन्ही टाळायच्या. भूजलाने मूळ कॅल्साइट बदलतं ते आधी तिथेच. मधला, मधासारखा पारदर्शक भाग बारीक ड्रिलने घ्यायचा. त्यातलं मँगनीज आणि लोह मोजायचं. ते जास्त भरलं तर नमुना बाद.

ऑक्सिजन आणि उष्णता वेगळी काढणं

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो उशिरा झाला. दोन कारणं एकाच कड्यात एकत्र दिसत असतील तर त्याच कड्यात आणखी हजार नमुने घेऊन ती सुटी होत नाहीत. एक कारण आहे आणि दुसरं नाही अशी जागा शोधावी लागते.

अशी जागा उत्तर आणि मध्य स्पेनमध्ये मिळाली. तिथल्या त्याच काळाच्या थरांत सेंद्रिय कार्बन अगदी कमी आहे, तळावर राहणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म आहेत, म्हणजे तळाला प्राणवायू पोचत होता. तरीही ब्रॅकिओपॉड, ऑस्ट्राकॉड (दोन झडपांचे सूक्ष्म कवचधारी) आणि इतर तळजीवी तिथेही त्याच अमोनाइट-विभागाच्या (अमोनाइट जीवाश्मांवरून ठरवलेल्या कालखंडाच्या) सीमेजवळ गेले, आणि त्यांचं जाणं तापमानाच्या चढत्या रेषेशी जुळतं. तळाला प्राणवायू असताना विलोपन झालं, तर काळ्या शेलला एकमेव गुन्हेगार ठरवता येत नाही.

यॉर्कशायर आणि जर्मनीत मात्र ऑक्सिजनची तूट अगदी टोकाची होती याचे पुरावे भक्कम आहेत. पायराइटचे रास्पबेरीसारखे सूक्ष्म गोळे पाण्यातच तयार झाले तर छोटे आणि एकसारखे राहतात, व्यास ५ मायक्रॉनच्या आसपास. गाळात तयार झाले तर मोठे आणि मिश्र आकाराचे होतात. जेट रॉकमध्ये पहिला प्रकार आहे. हिरव्या गंधक-जीवाणूंची रंगद्रव्यंही तिथे सापडली. या जीवाणूंना उजेड आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही लागतं. म्हणजे विषारी पाणी उजेडाच्या पट्ट्यापर्यंत वर आलं होतं. थॅलियम समस्थानिकांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली : महासागरांतून प्राणवायू कमी व्हायला मुख्य घटनेच्या सुमारे ६ लाख वर्षं आधी, टोआर्शियनच्या सुरुवातीलाच प्रारंभ झाला होता. यॉर्कशायरच्या राखाडी शेलच्या तळाशी ‘सल्फर बँड’ नावाचे पातळ काळे पट्टे आहेत, ते याच पहिल्या धक्क्याचे.

कार्बनचा उगम

कारूचे लाव्हा आणि जमिनीखाली पसरलेल्या शिलारसाच्या आडव्या चादरी यांची वयं सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांवर जमा होतात. महत्त्व लाव्हापेक्षा या चादरींना जास्त आहे. धुळे-नंदुरबारकडचे बेसाल्टचे डाईक ज्यांनी पाहिलेत त्यांना उभा घुसलेला शिलारस ठाऊक आहे. कारूत तो थरांच्या मधून आडवा घुसला आणि वरखालचे थर भाजून काढले. तिथे होते पर्मियन काळाचे कोळशाचे आणि कार्बनी शेलचे थर. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतला गोंडवना कोळसा ज्या काळाचा, त्याच काळाचे. भाजलेल्या थरांतून सुटलेल्या वायूंनी जमीन फोडून वर वाट काढली. अशा हजारो नळ्यांचे अवशेष कारू खोऱ्यात आहेत. त्या काळच्या पानांच्या जीवाश्मांवरची रंध्रं मोजूनही कार्बन डायऑक्साइड वाढल्याचं दिसतं, आणि गाळातला पारा ज्वालामुखीकडे बोट दाखवतो. पारा मात्र सेंद्रिय कार्बनला चिकटतो, म्हणून काळ्या शेलमध्ये तो तसाही जास्त असतो. त्याला सेंद्रिय कार्बनने भागल्याशिवाय वाढलेला आकडा वापरणं चूक आहे.

निष्पत्ती

आज बहुतेकांना मान्य असलेली साखळी अशी. कारू-फेरारमधून कार्बन सुटला, हवा आणि समुद्र तापले. तापल्यामुळे इतर साठ्यांतूनही, बहुधा मिथेन हायड्रेटमधूनही, कार्बन बाहेर पडला. पाऊस आणि खडकांची झीज वाढली, पोषकद्रव्यं समुद्रात गेली, शैवालं माजली. समुद्र चढून पसरलेल्या उथळ, बंदिस्त खोऱ्यांत पाण्याचे थर मिसळेनात आणि तळ गुदमरला. उघड्या, हवेशीर किनाऱ्यांवर प्राणवायू संपला नाही, पण उष्णतेनेच बऱ्याच जाती नेल्या. यॉर्कशायरच्या दाबलेल्या नोंदीत विलोपन एका पातळीवर दिसतं. जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर मात्र तोटा टप्प्याटप्प्याने झाला, पाच अमोनाइट-विभागांवर पसरलेला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि तिच्यावर जोर द्यायला हवा. ‘उष्णता की ऑक्सिजन’ ही मांडणीच अपुरी होती. समुद्राचं पाणी १५ अंशांवरून २२ अंशांवर गेलं तर त्यात विरघळू शकणारा प्राणवायू सुमारे १२ टक्क्यांनी कमी होतो. हे ऐकायला फारसं वाटत नाही. पण थंड रक्ताच्या प्राण्याची प्राणवायूची गरज दर १० अंशांना साधारण दुप्पट होते, म्हणजे ७ अंशांत ती दीडपटीच्या पुढे जाते. पुरवठा थोडा घटतो, मागणी खूप वाढते. स्पेनच्या तळाला प्राणवायू ‘होता’ याचा अर्थ तो तिथल्या प्राण्यांना ‘पुरत होता’ असा नाही. रसायनशास्त्राच्या लेखी श्वास घेण्याजोगं पाणी एखाद्या मोठ्या, धडपड्या जातीसाठी गुदमरवणारं असू शकतं. कमी गरजेच्या, सावकाश जगणाऱ्या सोआरेसिरिंकियासारख्या जाती मागे का उरल्या, याचा उलगडा इथे होतो.

पुनरुज्जीवनही तितकंच बोलकं आहे. यॉर्कशायरमध्ये जेट रॉकच्या बऱ्याच वर, तुरटीच्या शेलमध्ये, डॅक्रिओमिया हा गाळात राहणारा छोटा शिंपला मोठ्या संख्येने येतो. कोणीतरी पुन्हा गाळात शिरू लागलं ही तळ सावरल्याची पहिली ठोस खूण. पूर्वीच्या जाती मात्र परतल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी उणीव ठिकाणांच्या निवडीची. काळा शेल डोळ्यांत भरतो, जीवाश्म सुंदर देतो, रस्त्यावरून पोचता येतो, म्हणून दशकानुदशकं नमुने तिथलेच घेतले गेले आणि सबंध महासागराचं चित्र युरोपातल्या दोन-तीन गुदमरलेल्या खोऱ्यांवरून रंगलं. पेनिशे, स्पेन, अर्जेंटिना, जपान ही ठिकाणं आधी घेतली असती तर ‘स्थानिक की जागतिक’ या वादात गेलेली वर्षं वाचली असती. नव्याने असा अभ्यास आखताना काळ्या आणि फिकट थरांची जोडी पहिल्याच आराखड्यात असावी.

जीवाश्मांची मोजणी आणि रसायन वेगवेगळ्या मोहिमांत, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कड्यांवर केली. नंतर दोन्ही रेषा अमोनाइटच्या आधारे एकमेकांवर बसवल्या. अमोनाइट-विभाग एवढा जाड असतो की त्याच्या आत ‘आधी तापलं, मग मेले’ की ‘आधी मेले, मग तापलं’ हे ठरवता येत नाही. क्रम हाच कळीचा प्रश्न असेल तर कवच, लाकूड आणि गाळ एकाच पाटीतून, एकाच पातळीवरून उचललेले हवेत. प्रत्येक जातीच्या शेवटच्या सापडण्यासोबत ती त्याखाली किती वारंवार सापडते हेही नोंदवावं. दुर्मीळ जात खऱ्या शेवटाच्या बरीच आधी नोंदीतून गळते. तिचं आणि विपुल जातीचं ‘शेवटचं ठिकाण’ एकाच वजनाचं नसतं.

एक मर्यादा मात्र चांगल्या आराखड्यानेही हटत नाही. त्या काळच्या खुल्या महासागराचा तळ भूपट्टांखाली जवळजवळ सगळा गडप झाला आहे. जपानमधल्या, खंडाच्या काठाला चिकटलेल्या काही पट्ट्यांत त्याचे तुकडे उरलेत. म्हणून किनारी समुद्रांची नोंद विपुल आणि खोल समुद्राची तुटपुंजी, हा असमतोल टोआर्शियनच्या प्रत्येक आकड्यात आहे. ‘महासागराच्या इतक्या टक्के तळावर प्राणवायू नव्हता’ असं विधान वाचलं की ते थेट मोजलेलं नाही, तर युरेनियम, मॉलिब्डेनम किंवा थॅलियमच्या समस्थानिकांवरून सबंध महासागराचा ताळेबंद मांडून काढलेलं आहे, हे तपासून मगच ते पुढे वापरावं. यांपैकी निदान दोन पद्धती एकमेकींशी जुळत असतील तर आकडा धरावा. एकीवरच उभा असेल तर तो गृहीतकांसकट उद्धृत करावा.